आई-बाबांना रोषणाई बघायला न्यावं की नाही?

मावशी, आम्ही व्हर्जिनियात चँटिलीजवळ राहतो. माझे सासू-सासरे गेल्या वर्षीसारखे यंदाही हिवाळ्यात सांगलीहून आलेत. गेल्या वर्षी नाताळच्या आधीच्या शनिवारी आम्ही सगळे सेंटरव्हिलच्या बुल रन पार्कमधली रोषणाई बघायला गेलो होतो. गाडीतून उतरायचं नाही, बसल्या बसल्या बघत पुढे सरकायचं. पण आत शिरायलाच जवळजवळ दोन तास लागले. धाकटीला मध्येच शू लागली, आईंचे गुडघे आखडले, नवरा वैतागला. बाबा एमएसईबीतून निवृत्त झालेत. परतताना ते म्हणाले, "एवढे डॉलर मोजून विजेची उधळपट्टी बघायला आणलंत." आता मुलं पुन्हा मागे लागलीत आणि आजी-आजोबा बरोबर हवेतच असा हट्ट आहे. मोठा नऊ वर्षांचा, धाकटी चार. आई म्हणतात, "तुम्ही जाऊन या, आम्ही घरी बसतो." नवऱ्याला तो विषयच नको आहे. आग्रह करू की सोडून देऊ?
– एक सून

प्रिय लेकी,

जा. आग्रहही कर, पण आईंना एकटं गाठून कर, सगळ्यांच्या देखत नको. आणि यंदा शनिवारचं नावसुद्धा काढू नकोस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात दिव्यांबद्दल बाबांचं एक वाक्य सोडलं तर तक्रार अशी नाहीच. जे काही बिनसलं ते रांगेत बिनसलं. बुल रनचा तो रस्ता सगळा मिळून अडीच मैलांचा. गाडी मुंगीच्या पावलांनी नेली तरी अर्ध्या-पाऊण तासात संपतो. तुम्ही तयारी केलीत ती त्या अर्ध्या तासाची, आणि त्याआधीचे दोन तास नशिबावर सोडलेत. पहिल्यांदा जाणारे सगळे असंच करतात. यंदा तयारी थांबण्याची कर. बघण्यासाठी वेगळं काही करावंच लागत नाही, ते समोर येतंच.

आधी दिवस ठरव. ही रोषणाई नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत असते. एवढे दिवस हाताशी असताना सगळं गाव नाताळच्या आधीच्या शनिवार-रविवारीच तिथे लोटतं. तू डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला सोमवार किंवा मंगळवार धर. शाळा आहे, ऑफिस आहे, हे मला कळतं. पण तुमच्याकडे त्या दिवसांत पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. फाटक उघडण्याच्या वेळेला तिथे हजर राहिलात तर सात-साडेसातला घरी येऊन मुलं वेळेवर झोपतील. सोमवार ते गुरुवार तिकीटही शनिवार-रविवारपेक्षा स्वस्त पडतं. ते घरूनच ऑनलाइन काढून ठेव. हे तिकीट गाडीमागे असतं, माणशी नसतं, ही गोष्ट बाबांच्या कानावर सहज घाल. डॉलरचे रुपये ते मनात करणारच, तर निदान सहानं भागून करू देत.

आता आई. "तुम्ही जाऊन या, आम्ही घरी बसतो" हे वाक्य आपल्याकडच्या बायका आयुष्यभर बोलत आल्यात. कधी त्याचा अर्थ खरोखर "मला नको" असा असतो. कधी "माझ्यामुळे तुमचा विरस होतो" असा असतो. परक्या देशात, मुलाच्या घरी, त्याच्या गाडीवर आणि त्याच्या सुट्टीवर अवलंबून असताना तर हा दुसरा अर्थच जास्त वेळा खरा असतो. म्हणून "येणार का?" असं विचारूच नकोस. त्याचं उत्तर "नको" हेच येणार. मेथी निवडताना, दोघीच असताना विचार, "आई, गेल्या वर्षी तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?" आणि मग गप्प राहा, त्यांना बोलू दे.

मला वाटतं, उत्तर फक्त गुडघ्यांवर थांबणार नाही. आपल्या वयस्कर बायका बाहेर जायचं म्हटलं की दुपारपासून पाणी पिणं बंद करतात. वाटेत बाथरूम मिळेल का, मुलाला गाडी थांबवायला कसं सांगायचं, थंडीत एवढे कपडे घालून पुन्हा ते सगळं सावरायचं कसं, याची धास्ती असते. नातीनं "शू लागली" म्हणून भोकाड पसरलं, ते सगळ्यांना कळलं. आजीलाही लागली असेल तर ती बोलली नसणार. एवढ्या एका गोष्टीचा बंदोबस्त झाला तर त्यांचा निम्मा नकार गळून पडेल. पार्ककडे वळण्याआधी पाच-दहा मिनिटांवर एखादं किराणा दुकान किंवा कॉफीचं दुकान हेरून ठेव. तिथे गाडी लावायची, सगळ्यांनी उतरायचं, सगळ्यांनी जाऊन यायचं. "कुणाला जायचंय का?" असं विचारायचं नाही, कारण मग आई गाडीतच बसून राहतील. त्या निमित्तानं चार पावलं चालणं होतं, गुडघे मोकळे होतात. आणि हे आईंना घरीच सांगून ठेव, म्हणजे दुपारी त्या पाणी पितील.

साखरेचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर गोळीची आणि जेवणाची वेळ अजिबात हलवू नकोस. साडेपाचला रांगेत असाल आणि त्यांची जेवायची वेळ सातची असेल तर डबा बरोबर हवा. बाहेर काही मिळेल यावर विसंबू नकोस. शेवटी जी छोटी जत्रा असते तिथे गरम पेय, गोडधोड मिळतं, पण ते त्यांच्या कामाचं नाही.

गाडीत कोण कुठे बसणार हे घरूनच ठरवून निघ. गाडी सात जणांची आहे असं धरते. आईंना पुढे बसव, सीट मागे सरकवून पाय लांब करता येतील अशी. बाबा आणि धाकटी मधल्या रांगेत. मोठा मागे, आणि त्याच्या शेजारी तुझा नवरा. हो, गाडी यंदा तू चालव. त्याला "तो विषयच नको" का झालाय याचा विचार केलास का? गेल्या वर्षी दोन तास तो पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत बसला. आत गेल्यावरही पुढच्याला धडकू नये म्हणून त्याचं लक्ष रस्त्यावरच. मागून "बाबा, ते बघ, ते बघ" चाललेलं आणि त्याला मान वळवायची सोय नाही. या असल्या ठिकाणी चालवणाऱ्याला सगळ्यात कमी दिसतं. आत गेल्यावर मध्येच जागा बदलताही येत नाही. त्याला तिसऱ्या रांगेत गुडघे दुमडून बसावं लागेल, पण मुलाशेजारी बसून त्यानं निवांत बघितलेलं त्या मुलाला हवं असेल. हे त्याला असंच सांग: "गेल्या वर्षी तुला काहीच बघायला मिळालं नाही, यंदा मी चालवते." वाद होणार नाही.

धाकटीबद्दल एक गोष्ट कडक सांगते. तिथे गाड्या इतक्या हळू जातात की पुष्कळ जण मुलांना सीटमधून काढून मांडीवर घेतात, कुणी सनरूफमधून उभं करतात. तू करू नकोस. व्हर्जिनियाच्या कायद्याप्रमाणे आठ वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट लागतेच, आणि मागच्यानं ठोकलं तर मांडीवरचं मूल हातात राहत नाही. दुसरं, फुगीर जॅकेट घालून तिला पट्ट्यात अडकवू नकोस. जॅकेटमधली हवा धक्क्यासरशी दबते आणि घट्ट वाटणारा पट्टा सैल पडतो. पातळ स्वेटरवर पट्टा आवळ आणि जॅकेट उलटं करून, हात बाह्यांत घालून, पांघरुणासारखं वरून दे. आजी म्हणेल, पोरीला थंडी वाजेल. तर मग आजीचीच शाल वरून टाक, दोघी खूश.

काचांचं मात्र आधी बघून घे. सहा माणसं, बाहेर शून्याच्या आसपास थंडी, आत हीटर आणि शाली. दहा मिनिटांत काचा धुरकटतात आणि मग कुणालाच काही दिसत नाही. हीटरबरोबर एसीचं बटणही चालू ठेव, बाहेरची हवा आत घे, काच साफ होते. रांगेत पुढे एखादा धूर ओकणारा ट्रक असेल तर तेवढ्यापुरती हवा आतल्या आत फिरव, नंतर पुन्हा बाहेरची. आणि निघण्याआधी सगळ्या काचा आतून बाहेरून पुसून घ्या. हे काम मोठ्याकडे दे.

हेडलाइटचंही तसंच. अशा बहुतेक ठिकाणी आत शिरताना हेडलाइट बंद करून पार्किंग लाइटवर जायला सांगतात, नाहीतर पुढच्या गाडीतल्यांना तुमचाच उजेड दिसत राहतो. हल्लीच्या गाड्यांचे दिवे आपोआप लागतात आणि ऐन वेळी बंद कसे करायचे हे सापडत नाही. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक ओढून इंजिन सुरू केलं की दिवसाही आपोआप लागणारे पुढचे दिवे लागत नाहीत. तुमच्या गाडीचं काय आहे ते आदल्या दिवशी अंगणातच करून बघ. फाटकावर एफएमचा आकडा लिहिलेला असेल तर गाण्यांसाठी तो लाव.

आणि आता बाबांकडे येते, कारण मला त्यांच्याबद्दलच सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतंय.

ज्या माणसानं अख्खी नोकरी एमएसईबीत काढली, वादळात पडलेल्या तारा आणि भारनियमनाच्या वेळापत्रकांवरून लोकांच्या शिव्या खाल्ल्या, त्याला झाडाझाडावर दिवे लटकलेले बघून पोटात कालवतं. ते कुरकुरणं नाही, ती त्यांची नोकरी बोलते आहे. तू त्यांना "बाबा, मजा म्हणून बघा ना" असं म्हणालीस तर ते गप्प बसतील आणि यायचं टाळतील. त्यापेक्षा त्यांना त्यांच्याच भाषेत विचार. जुन्या तारेच्या शंभर बारीक दिव्यांच्या माळेला साधारण ४० वॅट लागायचे. एलईडीच्या तेवढ्याच माळेला पाच-सात वॅट पुरतात. म्हणजे जुनी एक माळ जेवढी वीज खायची तेवढ्यात आता सहा-सात माळा लागतात. हा हिशेब त्यांना दे आणि म्हण, "बाबा, एका झाडावर किती माळा असतील आणि तासाला किती युनिट जात असतील, तुम्हीच अंदाज सांगा." नातवाला वही-पेन्सिल दे. रांगेतला अर्धा तास तिथेच गेला असं समज.

नातवाला शिकवण्यासारखं त्यांच्याकडे आणखीही खूप आहे. सांगलीत गणपतीला लायटिंगची सिरीज लावताना एक दिवा गेला की अख्खी माळ विझायची आणि मग एकेक दिवा काढून तपासत बसावं लागायचं, हे त्यांनी केलेलं असणार. अमेरिकेतल्या जुन्या माळांचंही तेच. १२० व्होल्टवर ५० दिवे एका ओळीत, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अडीच व्होल्ट. पुढे दिव्याच्या आतच एक बारीक तार घालायला लागले. दिवा गेला की वीज त्या तारेतून पुढे जाते आणि बाकीची माळ पेटलेली राहते. हे ज्याला माहीत आहे तो माणूस घरात असताना मुलांना टॅबलेट देऊन रांगेत गप्प बसवायचं कशाला?

आत गेल्यावर त्यांना एक गोष्ट जवळून बघायला सांग. उड्या मारणारं हरीण दिसतं ना, ते खरं तर हलत नसतं. लोखंडी सळ्या वाकवून हरणाच्या तीन-चार आकृत्या पुढे-मागे उभ्या केलेल्या असतात, एक जमिनीवर, एक हवेत, एक पलीकडे उतरणारी, आणि प्रत्येकीवर वेगळी माळ. एक विझते तेव्हा दुसरी पेटते. गाडी अगदी शेजारून जाते तेव्हा विझलेल्या आकृतीच्या सळ्याही अंधारात दिसतात. गणपतीच्या देखाव्यांमागे मांडवात शिरून मोटर आणि वायरिंग बघणारी जी मुलं असायची त्यातलेच बाबा एक असतील, अशी माझी खात्री आहे. त्यांना समोरून बघायला लावू नकोस, मागून बघू दे.

रांगेत सांगायला दोन गोष्टी देते, दोन्ही खऱ्या. विजेचे दिवे लावलेलं पहिलं नाताळचं झाड १८८२ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्याच कंपनीतल्या एडवर्ड जॉन्सननं आपल्या घरी उभं केलं. लाल, पांढरे, निळे असे ८० दिवे, आणि झाड स्वतःभोवती फिरत होतं. म्हणजे ही सगळी हौस सुरू झाली तीच वीजवाल्यांच्या घरात. बाबांना हे ऐकून बरं वाटेल. दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीना गावची. तिथल्या एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच देवदार आहेत, आपल्या हिमालयातले देवदार, एकोणिसाव्या शतकात तिथे लावलेले. १९२० पासून नाताळात त्यांच्यावर दिवे सोडतात आणि लोक हेडलाइट विझवून खालून हळूहळू गाड्या नेतात. तुम्ही बुल रनमध्ये जे करता त्याची ही फार जुनी मोठी बहीण. आपली झाडं तिथवर गेली आणि शंभराहून जास्त वर्षं असं सजून उभी आहेत, हे सांगितलंस की आई पण कान देतील.

बाबांना इतिहासाची आवड असेल तर आणखी एक. बुल रन हे तिथल्या ओढ्याचं नाव आणि अमेरिकेच्या यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई जुलै १८६१ मध्ये त्याच्याच काठावर झाली. मनाससचं ते रणांगण जवळच आहे. एखाद्या उन्हाच्या दुपारी त्यांना तिकडे वेगळं घेऊन जा. एका संध्याकाळीत सगळं कोंबू नकोस.

खाण्याचं फार मनावर घेऊ नकोस. सांगलीहून आणलेलं भडंग उरलं असेल तर तेच काढ, पण कांदा न घालता, बंद गाडीत वास कोंदतो. प्रत्येकाला वेगळी वाटी दे, एकच डबा फिरवलास की मागच्या सीटवर सांडणार. चहा थर्मासमध्ये घे आणि गाडी पूर्ण थांबलेली असतानाच ओत. सरकत्या गाडीत मुलीच्या शेजारी गरम चहा नको.

एवढं सगळं करूनही रांग लांब निघाली तर? फाटकाआधीच अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबावं लागेल असं दिसलं तर सरळ गाडी वळव. तिकिटाची तारीख बदलता येते का ते काढतानाच बघून ठेव. नाही आली तर पैसे गेले म्हणून समज. गेल्या वर्षी पैसे वाया गेले नाहीत, संध्याकाळ वाया गेली आणि त्याचं ओझं तू वर्षभर वागवते आहेस. घरी परतताना मुलांना एखाद्या सजलेल्या वस्तीतून फिरवून आण. तुमच्या भागात असे रस्ते पुष्कळ असतील.

आणि मेथी निवडता निवडता आई मनापासून "नको गं, मला खरंच त्रास होतो" म्हणाल्या, तर तो नकार पूर्ण मान्य कर. मग त्यांना वेगळं सुख दे. चँटिलीतल्या राजधानी मंदिरात संध्याकाळच्या आरतीला ने आणि येताना आजूबाजूच्या घरांवरची लायटिंग दाखवत ये. वीस मिनिटं, तिकीट नाही, रांग नाही, हवं तिथे थांब, हवं तेव्हा घर. व्हिएन्नाच्या मेडोलार्क बागेतही दिव्यांची वाट आहे, सुंदर आहे, पण ती पायी बघायची, अर्ध्या मैलाहून जास्त चालणं आहे आणि चढ-उतारही. आईंच्या गुडघ्यांना ती नको. तिथे बाबांना आणि मुलांना घेऊन तू जा, नवरा आईंपाशी घरी थांबेल. सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच गेलं पाहिजे असं काही नाही. फक्त दोघांपैकी एकाला घरी ठेवताना घरी जाग असू दे. परदेशातल्या हिवाळ्यात पाचला अंधार पडतो, ओळखीचं कुणी नाही, बाहेर पाय ठेवायची सोय नाही, आणि त्यात सगळे बाहेर गेलेले. "आम्ही घरी बसतो" म्हणणाऱ्यांची ती संध्याकाळ फार लांबते.

मुलांना मात्र आधीच सांग की आजी-आजोबा आले तर त्यांच्या सोयीनं जायचं, लवकर निघायचं, लवकर परतायचं, शेवटच्या जत्रेतला पाळणा एकदाच. नऊ वर्षांच्या मुलाला हे कळतं. त्याला काचा पुसण्याबरोबरच आजीला गाडीत चढताना हात द्यायचं कामही नेमून दे.

आजच कॅलेंडर उघड, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातले दोन मंगळवार निवड, एक जायचा आणि एक पाऊस-बर्फ आला तर राखीव. मग आईंशी बोल. नवऱ्याला सगळ्यात शेवटी सांग, तारीख आणि तिकीट ठरल्यावर, आणि किल्ली तुझ्याकडेच ठेव.

– मावशी